कठड्यावरचा खलाशी

(इस्तंबूल. सामुद्रधुनीकाठच्या एमिरगानमधली एक गच्ची. फिक्रेत आणि त्यांची बायको मुअल्ला चहा घेत बसलेत. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला सांभाळणारी सेबिहा नुकतीच आली आहे.)

फिक्रेत : ही बघा, मंगळवारची. रोमानियाची युद्धनौका. क्रमांक, रडार, तोफ, सगळं लख्ख. दुपारी उन्हं कलली की आपल्या किनाऱ्यावरून असा फोटो मिळतो.

सेबिहा : माणसं कुठं आहेत, फिक्रेतभाऊ?

फिक्रेत : माणसं?

सेबिहा : उजव्या कठड्याशी माझा एरोल उभा होता.

मुअल्ला : तुझा मुलगा नौदलात? कधी बोलली नाहीस.

सेबिहा : काय बोलणार, ताई? आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला तिकडे रोमानियात, कोन्स्तान्त्साला माझ्या आईपाशी ठेवून इथं लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळायला आले. मोठा झाला आणि त्यानं बोलणंच टाकलं. परवा आपणहून निरोप आला. बोट इस्तंबूलवरून जातेय, मी उजव्या बाजूला उभा राहीन, किनाऱ्यावर ये.

मुअल्ला : मग? गेली नाहीस?

सेबिहा : चपला घातल्या होत्या. तेवढ्यात वरच्या आजी न्हाणीघरात पडल्या. तशा टाकून कशी जाऊ?

मुअल्ला : हेच सांगायचं त्याला.

सेबिहा : तेच सांगणार होते. पण त्याचा फोन आला, "आली होतीस?" तोंडातून निघून गेलं, "आले होते, पाहिलं तुला." तर म्हणाला, "मग सांग, मी काय करत होतो?" मी घाबरून फोनच ठेवला. आता परत करणार आहे तो. म्हणून तुमच्याकडे आले. तुमच्या फोटोत दिसेल म्हटलं.

मुअल्ला : दाखवा की हो! एकेका बोटीचे ढीगभर फोटो काढता.

फिक्रेत : फोटो आहेत. त्यात माणूस नाही.

मुअल्ला : म्हणजे?

फिक्रेत : अगं, आम्ही बोटी टिपतो. मध्ये कुणी उभं राहिलं की चित्र बिघडतं. ते आत जाईपर्यंत आम्ही थांबतो.

मुअल्ला : माझ्यानंसुद्धा बिघडतं. लग्नापासूनचा अनुभव आहे.

फिक्रेत : हा पठ्ठ्या गेलाच नाही. शेवटी तसाच काढला, मग संगणकावर त्याला पुसला. बाकीचे फोटो उडवले.

मुअल्ला : अहो, तिचं पोर पुसलंत तुम्ही!

फिक्रेत : मला काय स्वप्न पडलं होतं, कुणाचं पोर ते?

सेबिहा : थांबा, ताई. फिक्रेतभाऊ, म्हणजे तुम्ही त्याला पाहिलंत?

फिक्रेत : पाहिलं कसलं, शिव्या घातल्या! सगळे खलाशी आत गेले, हा एकटाच चिकटलेला.

सेबिहा : काय करत होता?

फिक्रेत : हात हलवत होता. आधी दोन्ही, जोरात. मग एक. किनाऱ्यावर कुणी दिसतंय का बघत असावा. एमिरगान मागं पडलं तसा हात खाली घेतला. मला वाटलं, सुटलो, आता जाईल.

सेबिहा : गेला?

फिक्रेत : कुठला! पुलाखालून जाईपर्यंत तिथंच. तोंड इकडंच.

सेबिहा : इकडंच?

फिक्रेत : इकडंच. माफ करा, सेबिहा. मी खरंच... सवय आहे हो ती. हात आपोआप चालतो.

मुअल्ला : फोन वाजतोय तुझा. उचल. आणि अजिबात घाबरू नकोस, सगळं कळलंय आता तुला. दोन्ही हात, मग एक.

सेबिहा : हॅलो, एरोल? ... हो. ... नाही रे. मी नव्हते आले. खोटं बोलले तुझ्याशी. ... ऐक ना, ठेवू नकोस! इथं एकजण आहेत, त्यांनी पाहिलं तुला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. फार चिडलेत तुझ्यावर. देते त्यांच्याकडे.

फिक्रेत : माझ्याकडे? मी काय बोलू?

मुअल्ला : घ्या म्हणते ना!

फिक्रेत : हॅलो... एरोल? मी फिक्रेत, किनाऱ्यावरून बोलतोय. काय रे बाबा, इतका वेळ उभं राहायचं असतं का?