रविवारची वीज

...तर आमच्या घरात आता उन्हाला नावं ठेवायची सोय उरलेली नाही. फरीदाबादचं मेमधलं ऊन, बरं का, दारातल्या चपलेत पाय घालवत नाही, आणि आमची मीनाक्षी म्हणते, काय सुंदर पडलंय! मीनाक्षी म्हणजे आमची बायको, इथल्या एका युनिव्हर्सिटीत फायनान्स ऑफिसर. विजेचं बिल, जनरेटरचं डिझेल, सगळ्याखाली सही तिची. बिल आलं की तिचा चेहरा असा व्हायचा की मी गुपचूप चहा टाकायला उठायचो.

तर कुलगुरू सुधाकरराव म्हणाले, गच्च्यांवर सोलर बसवू. पॅनल कंपनीचे, खर्च कंपनीचा, आपण फक्त वीज घ्यायची, सरकारी विजेहून स्वस्त, पंचवीस वर्षं तोच दर. ही म्हणाली, फुकट कोण देतं? कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडमजी, बिल्कुल टेन्शन मत लीजिए... झालं, हिने टेन्शन घेतलंच. धूळ किती बसते, नोव्हेंबरच्या धुरक्यात वीज किती घटते, सगळं खोदून विचारलं आणि फाइल परत. तुम्हाला सांगतो, एकदा नाही, तीनदा! मी जेवताना म्हटलं, अगं, घेऊन टाक की. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कमिशन मलाच मिळणार आहे. फुकट कोण देतं, पद्माकर?

शेवटी सुधाकरराव स्वतः तिच्या टेबलाशी येऊन बसले. डिझेलमध्ये जळतो तो पैसा वाचला नाही तर यंदा फी वाढवावी लागेल, म्हणाले. फी म्हटल्यावर हिने फाइल पुढे ओढली. फी भरायला आलेले आईबाप हिच्याच केबिनसमोर ताटकळतात ना... सही केली, पण त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. चुकलं तर मी रिटायर झाल्यावरही पोरं माझ्या नावाने बोटं मोडतील, म्हणाली.

आणि मग पॅनल बसून चालू झाल्यावरचा तो रविवार. कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, कडक ऊन, आणि ही मला घेऊन कुठे गेली? मीटर बघायला! लोक रविवारी सिनेमाला जातात हो... तिथला इलेक्ट्रिशियन सूर्यकांत म्हणाला, "मॅडम, देखिए, उलटा जा रहा है." कॅम्पसला लागेल ती वापरून उरलेली वीज तारेवरून बाहेर चालली होती, भिंतीपलीकडच्या वस्तीकडे. इतकी वर्षं बिल मागणारा मीटर आता आमच्या खात्यात जमा दाखवत होता. मीनाक्षीने त्याच्यावर हळूच हात ठेवला. मग गच्चीवर गेली. इकडून तिकडे निळ्या काचाच काचा, ना धूर, ना धडधड, एवढी वीज तयार होतेय आणि आवाज म्हणून नाही. पलीकडे एका दारात एक बाई पंख्याखाली बाळाला निजवत होती. ही बघतच राहिली. डोळे भरले होते तिचे.

"देतो रे," म्हणाली, "फुकट देतो."

कोण, म्हणून मी तिच्याकडे वळलो. ती वर बघत होती.

तेव्हापासून काय विचारू नका. परवा बाल्कनीतली कपड्यांची दोरी काढून तिथे पॅनल लावलाय. घरातलं सगळं ऊन त्याला. कपडे आता हॉलमध्ये, पंख्याखाली वाळतात, आणि पंखा सोलरवर चालतो, त्यामुळे मला तक्रारही करता येत नाही.