खुब्यातला गोळा

शिवणक्लासवाल्या बाई मुरगळलेलं मनगट सांभाळत एक्स-रेच्या खोलीबाहेर बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची.

“न्हाणीघरात आपटले तेव्हाच ठरलं. ऑपरेशन करून खुब्यात बसवलेला सिरॅमिकचा गोळा फुटला.”

“डॉक्टर सांगतील ना, आत्या.”

“जन्मभर कपबशा विकल्या. पडलेला कप वाचलेला पाहिला नाही!”

“कप काय, गोळा काय, दोन्ही भट्टीतूनच निघतात, पण आतली रचना वेगळी. भेग सरकायला लागली की गोळ्यातले काही स्फटिक तिच्या तोंडाशीच रूप बदलून फुगतात. भेग आवळली जाते, पुढे जात नाही.”

“चोराला दारातच घेरावं तसं?”

“अगदी तसंच.”

“फरश्यांच्या कारखान्यात बऱ्याच थापा शिकलीस.”

दार उघडून डॉक्टरीणबाई आत्याचा एक्स-रे घेऊन आल्या.

“आजी, हाड शाबूत, गोळाही शाबूत. खुशाल घरी जा.”

आत्याने असा श्वास सोडला, की शिवणक्लासवाल्या बाईंचाही सुटला.

“बापाला फोन लाव तुझ्या. जीव टांगणीला असेल त्याचा.”

“बाबा, आत्या ठणठणीत आहे! ... काय? ... अरे देवा.”

“काय म्हणतो?”

“तू पडलीस तिथली फरशी दुभंगलीय.”

“तुमच्याच कारखान्याची ना गं ती?”

“हो.”

“मग तिचे स्फटिक काय झोपले होते?”