दोन नळ्या, एकच रक्त

अमेरिकेत, युटातल्या आमच्या दवाखान्यात रक्त द्यायला बसलो होतो. शेजारी दोन म्हाताऱ्या बहिणी, लारू आणि आर्डिथ.

"दमले बाई. मला कशाला बोलावलंय गं, लारू?"

"डीएनएचे धागे आईबापाकडून मुलात येताना मध्येच तुटून नव्यानं जोडले जातात. कुठे तुटतात, ती ठिकाणं हे संशोधक मोठ्या कुटुंबांच्या रक्तातून शोधतायत."

"मग?"

"आपल्या दोघींची ठिकाणं तंतोतंत सारखी निघाली. जुळ्या आहात का, विचारत होते."

"जुळ्या? तू नऊ वर्षांनी मोठी! आणि मी रक्त दिलंच कधी?"

"आर्डिथ, पूर्वी सगळ्या घराचं रक्त घेतलं, तेव्हा तुझ्या नावाचं रक्तही मीच दिलं. दोनदा रांगेत उभी राहिले."

"का?"

"तू घर सोडून गेलेलीस. आई इथेच बसून नळ्या मोजत होती. अकरा लेकरं, अकरा नळ्या. त्याशिवाय उठेना."

"तिला दिसलं नाही, तू दोनदा गेलीस ते?"

"दिसलं. तरी अकरा मोजल्या."

"मला बोलवायचंस."

"तीन पत्रं टाकली."

"मिळाली होती."

"माहितीये."

आतून नर्सनं हाक मारली, "आर्डिथ!"

लारू आपसूक उठली, बाही वर सारत.

"बस गं खाली. आलेय ना मी आता."