वहाळाचं गोड पाणी

मे महिन्यात रत्नागिरीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर एकाच गावच्या दोन बायका भेटल्या.

“मथुरे, तू इथं कशी गो?”

“आमचा नातू लवू आत आहे, सलाईनवर. मुंबईहून आला नि दोन दिवसांत उलट्या-जुलाब सुरू झाले.”

“विहिरीचं पाणी बाधलं असेल.”

“छे गो, ते त्याला दिलंच नाही. पूर्वी मिरगाच्या पावसापर्यंत विहीर पुरायची. आता दरसाल शिमग्यालाच तळ दिसतो. त्या एवढ्याशा पाण्यात आरोग्यवाल्यांनी पावडर टाकली. चहालासुद्धा वास येतो.”

“मग काय दिलंस?”

“वहाळाच्या कोरड्या पात्रात खड्डा खणला. त्यातलं पाणी फडक्यानं गाळून दिलं. गार नि गोड.”

“तिथं तर गुरं बसतात.”

“गुरं दुपारची येतात. मी पहाटेच भरते.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पाणी उकळून द्या म्हणाले. मी म्हटलं, आमचं पावडरीचं नाही, चांगलं आहे.”

“ही पिशवीतली बाटली कसली?”

“त्याच्यासाठीच आणली. इथल्या नळालाही तोच वास.”

“मला दे गो घोटभर. सकाळपासून घसा सुकलाय.”

“घे. पण लवूला अर्धी ठेव.”