चाळून टाकलेले मणी

आदरणीय अध्यक्ष म्हणजे आपले मालक, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सर्व व्यवस्थापक, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आपल्या वहिनी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले, म्हणजेच काम करणारे, बंधुभगिनींनो,

आज तीस जून. गुणवत्ता विभागाचा प्रमुख असूनही मी या सभागृहात सहा वर्षं तोंड उघडलेलं नाही. एवढ्या लांबलेल्या मौनाबद्दल आधी क्षमा मागतो. कारण पुढे कळेलच.

मालकांनी आत्ताच मिस्त्रींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. किती समर्पक भेट! ज्या माणसाने चोवीस वर्षं जस्ताचं पिंप नुसत्या आवाजावर थांबवलं, त्याला घरी बसल्यावर वेळ कळायला नको? पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्या स्क्रूंवर जस्त चढवायला त्यांच्यातून वीज सोडत नाहीत. आतून रबर लावलेल्या तिरक्या पिंपात स्क्रू, पाणी, जस्ताची पूड आणि काचेचे मणी घालून फिरवतात. मणी आपटून आपटून पूड लोखंडावर बसवतात. मिस्त्री कान देऊन म्हणायचे, "अजून खडखडतंय, थांबा." मग म्हणायचे, "आता सळसळतंय. ओता." हलत्या चाळणीवर स्क्रू वर राहायचे, मणी गळून परत कामाला.

सहा वर्षांपूर्वी एका विद्वानाने त्या मण्यांत डोकावून पाहिलं. काही हरभऱ्याएवढे, काही वाळूएवढे. शिकलेल्या माणसाला सरमिसळ बघवते का? त्याने बारीक मणी चाळून कचऱ्यात फेकायला लावले. मिस्त्री म्हणाले, "अहो साहेब, स्क्रूच्या आट्यांच्या फटीत मोठा मणी शिरणार कसा? तिथे बारकेच लागतात."

विद्वान म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही पिंप फिरवा. विचार आम्ही करतो."

विचार असा झाला की दोन महिन्यांत अख्खा माल परत आला. डोकी चकचकीत, आटे गंजलेले. चौकशी समिती बसली. आता समिती बसली म्हटल्यावर कोणाच्या तरी माथी मारल्याशिवाय उठणार कशी? मिस्त्रींच्या फायलीत शेरा पडला: 'पिंप वेळेआधी थांबवले. कामात हलगर्जी.' मग सहा वर्षं ते पॅकिंगमध्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत भिंतीपलीकडचं पिंप ऐकत राहिले.

आणि तो विद्वान? त्याला बढती मिळाली. तो आत्ता तुमच्यासमोर बोलतोय.

अध्यक्ष महाराज, आपण खाकरलात ते ऐकू आलं. माझा कान मिस्त्रींएवढा तयार नसला तरी.

बारीक मणी मी वर्षभराने गुपचूप परत मागवले. अहवालात त्याला 'सुधारणा' म्हटलं. त्याबद्दल याच सभागृहात माझा सत्कार झाला, आणि मी हार घेऊन मुकाट बसलो. काल हे सगळं मिस्त्रींना सांगायला गेलो, तर ते हसले. "मला कधीच कळलं होतं, साहेब. एक दिवस आवाज बिघडला, वर्षाने पुन्हा सुधारला. म्हटलं, चला, साहेबांना अक्कल आली."

वहिनी मात्र हसत नाहीयेत. त्यांचं बरोबर आहे.

इतका वेळ उभ्याउभ्या ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. न बोलण्यात जे झालं, ते घेऊ नका.

मिस्त्रींची फाईल उद्या दुपारी बंद होतेय. माझ्या डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ आहे, ती वाचतो आणि बसतो: 'सकाळी आल्याआल्या त्या शेऱ्यावर मिस्त्रींच्या जागी माझं नाव लिहून सही करणे.'