मामांचा लाकडी ठोकळा

गाडीच्या ब्रेक डिस्क माझ्यामुळे गेल्या. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात मोठ्यांनी चूक कबूल केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

गाडी मुळातच पळणारी, कंपनीनंच स्पोर्ट्स इंजिन घालून विकलेली. ट्रॅक डेसाठी मी ब्रेक पॅड बदलले, जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल भरलं, वजन कमी करायला मागची सीट काढली. आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला वर्षभर थांबून मिळालेला एकच दिवस होता.

मामांनी भंडारदऱ्याच्या घाटात तीस वर्षं जीप चालवलेली. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अर्धे इंजिनिअर, चाकाला लावायला ठोकळा कुठंय?" डिप्लोमा सोडल्यापासून माझं हेच नाव.

"हँडब्रेक हाय की, मामा."

"ब्रेक तापल्यावर त्यो वढायचा नसतो. गेरात ठेव, ठोकळा लाव."

"ही तुमची जीप न्हाई."

"लोखंड तापताना गाडीची किंमत इचारतं व्हय?"

सकाळचं सेशन झकास झालं. जोरात आलो, ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या पिटमध्ये थांबलो आणि सवयीनं हँडब्रेक ओढला. तापलेले पॅड मागच्या डिस्कना चिकटले आणि त्यांचा थर डिस्कवर बसला. दुपारी ट्रॅकवर गेलो, तर ब्रेक दाबला की अख्खी गाडी थरथरायची. पहिल्याच फेरीत परत आलो.

 मामांनी वाकून चाकाचा वास घेतला, पिशवीतून ठोकळा काढला आणि चाकाखाली सरकवला. गावाहून बरोबर आणला होता. असा एक मास्तर कॉलेजात असता, तर मी कॉलेज सोडलं नसतं.

मागच्या दोन्ही डिस्क गेल्या, आणि दुपारचं सेशनही.