मांडव उतरेपर्यंत

केशर : माज्या नागराजचं लगीन झालं त्या साली, बावीसच्या वैशाखात, हीच गोळी माज्या घरात शिरली. हेच असलं चकचकीत पाकीट. त्याच साली माजी राखी गेली. लेक नेलीस, आता सून न्यायला आलीस व्हय गं मनीषा?

मनीषा : केशरमावशी, भांडायला मला पण येतं. आधी गोळी कुठं ठेवलीत ते सांगा.

केशर : न्हाई सांगत. जा, तुज्या दवाखान्यात जाऊन सांग, केशरनं सरकारी गोळी चोरली म्हणून.

मनीषा : रक्षिता, तू कुठं ठेवली होतीस?

रक्षिता : बाळाच्या दुपट्यांत. सकाळी नळावर दिलीस ना तू, उपाशीपोटी मळमळेल म्हणून पेज पिऊन घेणार होते. तेवढ्यात अत्तींनी दुपटी धुवायला नेली. नेहमी मी धुते. आज बरी आठवण झाली त्यांना!

केशर : बघ कशी बोलती सासूला.

मनीषा : मावशी, तिला काही चैन म्हणून दिली नाही मी. नागराज गोव्याहून रविवारी आला, सोमवारी रेल्वेनं परत गेला. रविवारी रात्री...

रक्षिता : निरोध फाटला. सांग की. लाजून काय होणार आहे?

केशर : शिव शिव! सोप्यात बसून काय बोलायल्यात ह्या बाया!

रक्षिता : माझं पोट कापून सात महिने झालेत, अत्ती. डॉक्टरीण काय म्हणाली ते तुमच्याच पुढ्यात म्हणाली. आत्ताच दुसरं राहिलं तर टाके धोक्यात येतील. तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं.

केशर : हलवली. मग नवऱ्याला लांब निजवायचं. आमी न्हाई निजवलं?

रक्षिता : सात पोरं झाली तुम्हाला!

मनीषा : पुरे. मावशी, ऐका. दोन दिवस मी जोयड्याला मीटिंगला होते, म्हणून आज बुधवार उजाडला. ह्या गोळीला बहात्तर तासांची मुदत आहे. ती आज रात्री संपते. आणि रात्रीपर्यंत चालेल असं म्हणून बसायचं नसतं. जितकी लवकर घ्याल तितका गुण जास्त. माझ्या पेटीत हीच एक उरली होती. दुपारची बस गेली. आता कळलं मी का ओरडायले?

केशर : कळलं. पोटातलं पाडायची घाई हाय तुला.

मनीषा : पाडत नाही ही! किती वेळा सांगू? पाडायची औषधं वेगळी, ती डॉक्टरच्या हाताखाली घ्यायची. ही बाईचं बीज सुटायचं लांबवते. बीज सुटलं नाही तर गर्भ राहणार कुठनं? आणि एकदा राहिला की ही त्याला काही करत नाही. राहिलेला मोडत नाही, जगलेल्याला इजा करत नाही.

केशर : मग माज्या राखीनं घेटली तवा काय झालं? सांग की! तीन वर्सं मी सगळ्या गावाला सांगतीय, त्या गोळीनं माजी लेक खाल्ली.

मनीषा : तेच तर! तुम्ही सांगत बसलात, आणि ह्या वाड्यावरची एक बाई माझ्याकडून गोळी घेईना. गेल्या पावसात वासूच्या बायकोनं पोट पाडायला रानातली मुळी खाल्ली. मरता मरता वाचली ती. माझ्याच मांडीवर तिचं डोकं होतं, जीप येईपर्यंत. तिला विचारलं, माझ्याकडं का आली नाहीस? म्हणाली, केशरकाकूच्या राखीचं झालं तसं होईल म्हणून. हे तुमचं पुण्य!

केशर : माज्या लेकीच्या नावानं मला पाप लावू नगंस!

रक्षिता : मी जाते. रामनगरला चालत जाते. दुकानात मिळते ही गोळी, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. बाळाला घे मनीषाक्का.

केशर : येवढ्या उन्हात? वीस मैल रान तुडवत? बस खाली. घरातली सून अशी गावची येस ओलांडून...

रक्षिता : का? आज मांडव नाही दारात.

केशर : काय म्हणालीस?

रक्षिता : मांडव नाही म्हणाले. तेव्हा होता. अजून सांगू?

मनीषा : कसला मांडव गं?

रक्षिता : माझ्या लग्नाचा. हळदीच्या अंगानं मी माजघरात बसले होते, नवी नवरी, तोंड वर करायची सोय नव्हती. कान उघडे होते पण. राखीअक्का ह्या अत्तींजवळ आली. म्हणाली, आई, काल चुकलं आमचं, धाकटं अजून अंगावर पितंय, मला रामनगरला जाऊन गोळी आणू दे. आणि ह्या म्हणाल्या...

केशर : गप.

रक्षिता : ह्या म्हणाल्या, पाच दिवसांनी मांडव उतरतो, तवर घरच्या लेकीनं येस ओलांडायची नसते. नव्या जोडप्याला बाधतं. म्हणजे मला बाधतं! माझ्यासाठी थांबवली तिला. रोज विचारत होती बिचारी. चौथ्या दिवशी तर पाया पडली.

मनीषा : मावशी?

केशर : रीत हाय ती. मी काढली न्हाई. माज्या सासूनं मला थांबवलं, तिच्या सासूनं तिला. पाच दिवसांत काय बिघडतंय, गोळी ती गोळी, असं वाटलं मला.

मनीषा : पाच दिवसांनी घेतली तिनं?

केशर : सहाव्या. मांडव उतरला, आंब्याची पानं नदीत सोडली आनी मीच पाठवली तिला. पाळी आली न्हाई म्हणून मागनं आनी दोन घेटल्या.

मनीषा : अरे देवा. राहिल्यावर दोन काय, दहा घेऊन उपयोग नव्हता. पाळीला आठवडा उशीर झाला तर लघवी तपासायची, एवढंच करायचं होतं. मी तपासली असती. फुकट. घरी येऊन! पुढं मी दवाखान्यात नेलं असतं, कायद्यानं, बिनधोक. मग पुढं काय झालं?

केशर : गोळ्यांनी काय झालं न्हाई.

मनीषा : ते मला माहीत आहे. मग कशानं झालं?

केशर : लई प्रश्न इचारतीस तू.

मनीषा : तीन वर्षं विचारलं नाही, हीच माझी चूक. तेव्हा तुम्ही रडत होता, गोळीनं झालं म्हणालात, मी वहीत 'जादा रक्त गेलं' एवढंच लिहिलं आणि उठले. कशानं झालं, मावशी?

(केशर उठून आत जाते. भाताच्या कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज. ती परत येते, हातात पाकीट आणि पाण्याचा तांब्या.)

केशर : धर. बघत काय बसलीस? तुज्या त्या तासांत हाय न्हवं अजून?

रक्षिता : आहे.

केशर : मग गीळ. माज्या म्होरं गीळ. पेज पिलीस का?

रक्षिता : पिले.

मनीषा : घेतलीस? आता ऐक. दोन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच मला फोन कर, परत घ्यावी लागेल, मी कुठनंही पैदा करते. डोकं दुखेल, मळमळेल, अंग जड वाटेल, जातं ते. मध्येच थोडा डाग दिसेल. पाळी चार दिवस मागंपुढं होईल. दूध पाजायला हरकत नाही. पण ओटीपोटात जोराचं दुखलं तर घरी बसायचं नाही.

केशर : मी बसू देत न्हाई.

मनीषा : आणि ही रोजची नव्हे. आज घेतली म्हणून उद्याचं झाकलं, असं नसतं. नागराज परत यायच्या आधी दवाखान्यात ये, तांबी का इंजेक्शन ते ठरवू.

रक्षिता : येते. रीत मोडून येते.

केशर : मार टोमणे. मार. तुला हाक्क हाय.

रक्षिता : मला नको असला हक्क, अत्ती. मला राखीअक्का पाहिजे होती. ह्या घरात माझ्याशी पहिल्यांदा तीच हसली होती.

केशर : मनीषा, वही हाय न्हवं पिशवीत? काढ.

मनीषा : आता कशाला?

केशर : तुजं 'जादा रक्त' खोड. लिही. आषाढात ती परत माज्याकडं आली. मुळी मी खणली, काढा मी उकळला, वाटी तिच्या तोंडाला मी लावली. कडू लागतंय म्हणाली, मी तिच्या हातावर गूळ ठेवला. लिहिलंस? आता हे लिही. राखी, केशरची थोरली लेक, वय सव्वीस. बावीस साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत गेली.